माशी बसवणारे इनासकाका

इनासकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की माणसांच्या आधी दाराची बिजागरी बघत. यजमान हात पुढे करून "या, या" म्हणतोय, आणि हे दार निम्मं उघड, निम्मं मीट करत कान देऊन उभे. बिजागरी पसंत पडली तर मान हलवून आत येत. नाही पडली तर आधी स्क्रूड्रायव्हर मागत. मॉन्ट्रियलजवळच्या ब्रॉसार्डमधल्या आमच्या रस्त्यावर त्यामुळे त्यांच्याविषयी दोन मतं होती. एक, म्हातारा गुणी आहे. दोन, म्हाताऱ्याला जेवायला बोलवायचं तर आधी घर दुरुस्त करून ठेवावं लागतं.

माझ्या घरी आले तेव्हा माझ्या वॉशरूमचं दार दोन महिने कण्हत होतं. बिल्डिंगचा मॅनेजर "पुढच्या आठवड्यात" म्हणत होता, आणि त्याचा पुढचा आठवडा काही उजाडत नव्हता. काकांनी माझ्याकडून एक पेन्सिल घेतली, तिचं शिसं चाकूने खरवडून बिजागरीच्या खिळ्याला चोळलं, चौकटीला जिथे दार घासत होतं तिथे अंघोळीचा साबण फिरवला आणि दार एका बोटाने ढकललं. ते मुकाट्याने मिटलं. मी चहा केला. त्यांनी प्यायला, कप खाली ठेवला आणि गप्प बसले. मला राहवेना. विचारलं, चहा कसा झालाय? तर म्हणाले, "कप परत केला का मी?"

मी साताऱ्याची. आमच्याकडे चहाला बरं म्हटलं नाही तर करणारीचा जीव टांगणीला लागतो. पण हे गृहस्थ कशालाच बरं म्हणत नसत. वाईट असेल ते परत करत. बाकीचं सगळं चांगलं, असं ज्याचं त्याने समजून घ्यायचं. त्यांच्या मुलीने, रीटाने, नर्सिंगची इथली फ्रेंचमधली परीक्षा दोन वर्षं रात्रंदिवस खपून पास केली तेव्हाही त्यांनी निकालाचा कागद वाचला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. रीटा मला हे सांगताना हसत होती, पण ते हसू पुरतं हसू नव्हतं.

काका वसईचे, ख्रिस्ती. सत्तरी ओलांडलेली, बुटका बांधा, आणि देहाच्या मानाने हात भलतेच मोठे. बायको गेल्यावर रीटाने स्पॉन्सर करून त्यांना इकडे आणलं आणि बेसमेंटमध्ये छान खोली करून दिली. टीव्ही दिला, हीटर दिला, मराठी बातम्या लावून दिल्या. काम मात्र दिलं नाही, कारण कॅनडात आणून बापाला कामाला लावलं असं वसईत कुणी म्हटलं असतं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. ती कामावरून आली की आधी घरभर फिरून काकांनी आज काय उघडलंय ते बघायची. "डॅडी, प्लीज, डोन्ट फिक्स एनिथिंग," हे वाक्य मी त्या घरात "गुड मॉर्निंग"पेक्षा जास्त वेळा ऐकलं.

रविवारी ते कोपऱ्यावरच्या चर्चला जात. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, फ्रेंचमधली. काकांना फ्रेंचचं एक अक्षर येत नव्हतं, पण मिस्सा कुठे आली आहे हे त्यांना बरोबर कळायचं आणि उत्तरं ते मराठीत देत, खणखणीत आवाजात. सगळं चर्च एक म्हणतंय आणि डावीकडच्या चौथ्या बाकावरून "आणि तुमच्याही आत्म्याबरोबर असो." आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी चार-पाच रविवार वळून पाहिलं, मग सवय झाली.

त्याच बाकावर रेजाँ बसायचा. तिथलाच, बांधकामावर सुतारकी करून निवृत्त झालेला, उंच, लालबुंद चेहऱ्याचा. गुडघे टेकायची फळी खाली घेतली की त्या बाकाला किंकाळी फुटायची. काका दोन रविवार सहन करून तिसऱ्या रविवारी घरातली लोणी लावायची सुरी कोटाच्या खिशात घालून गेले आणि प्रवचन चालू असताना खाली वाकून फळीचे स्क्रू आवळू लागले. वाकलेला म्हातारा बघून रेजाँला वाटलं, ह्यांना चक्कर आली. तोही खाली वाकला. पाहतो तर हे. त्याने फळीचं दुसरं टोक धरून ठेवलं. दोघांची ओळख झाली ती अशी, बाकाखाली.

पुढे त्यांच्या गप्पांना मी लागू लागले. तेव्हा मी नोकरी शोधत होते, आणि मॉन्ट्रियलकडे फ्रेंचशिवाय नोकरी म्हणजे तिकिटाशिवाय प्रवास, म्हणून संध्याकाळी फ्रेंचच्या वर्गाला जात होते. माझं फ्रेंच तेव्हा इतकं कच्चं की दुकानदार कळवळून इंग्रजीत बोलायला लागायचे. काकांचं इंग्रजी कारखान्यातलं, म्हणजे सगळी नामं आणि क्रियापद एकही नाही. रेजाँचं इंग्रजी त्याहून थोडं. पण अडला हरी म्हणतात तसं, दोघांना माझ्यावाचून दुसरं कोण होतं?

कारखान्याचं सांगायला हवं. काकांनी चौतीस वर्षं एका सरकारी बंदुकीच्या कारखान्यात फिटर म्हणून काम केलं, आणि त्या चौतीस वर्षांत एकच काम केलं. माशी बसवायचं. बंदुकीच्या नळीच्या टोकावर लहानसं उभं पातं असतं ना, मागच्या खाचेतून बघत जे निशाणावर धरायचं, ते म्हणजे माशी. नळीवर एक आडवी खाच कापलेली असते, वर अरुंद आणि तळाशी रुंद. माशीचा पाया त्या खाचेत बाजूने सरकवायचा आणि पितळेच्या ठोकणीने ठोकत बरोबर मध्यावर आणायचा. केसभर इकडेतिकडे झाली की शंभर पावलांवर गोळी वीतभर चुकते. काकांच्या मेजावर दिवसाला किती बंदुका येत ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण डाव्या अंगठ्याच्या पेरावर कायमचा घट्टा होता.

बसवलेली बंदूक मेजावरून उचलली जायची आणि एका उंच भिंतीपलीकडे जायची. तिथे तिच्यातून गोळी झाडून बघत. फिटरला तिकडे जायला मनाई. काकांना फक्त आवाज यायचा. चुकलेली बंदूक नळीवर लाल खडूची फुली घेऊन परत यायची, बरोबर असलेली कधीच परत यायची नाही. त्यामुळे आपलं काम चांगलं झालं हे त्या माणसाला उभ्या जन्मात कुणी सांगितलं नाही. फुली आली नाही एवढ्यावरूनच समजायचं. रीटाच्या निकालाची घडी त्यांनी का घातली ते मला हे ऐकल्यावर उमगलं. रीटाला मात्र मी कधी सांगितलं नाही, ती म्हणाली असती, मी काय बंदूक आहे?

चौतीस वर्षांत फुली घेऊन सात परत आल्या. सातांच्या सात त्यांना पाठ होत्या. तिसरी परत आली त्या दिवशी रीटाचा बाप्तिस्मा होता.

एका नोव्हेंबरात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. रीटाची ड्यूटी होती, म्हणून मी बसने घेऊन गेले. डॉक्टरीणबाई चांगली होती. तिने चित्र काढून समजावलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, समोर धरलेलं आधी पुसट होईल आणि मग दिसेनासं होईल, याला औषध नाही आणि किती दिवस लागतील ते सांगता येत नाही. काकांनी एकच विचारलं, कडा राहतील का? ती म्हणाली, कडेचं दिसत राहील. काका मला म्हणाले, "मग चालेल. फिटरला कडाच लागतात."

मला वाटलं, किती धीराचा माणूस. पण परतीच्या बसमध्ये, बाहेर नदीवर नव्या पुलाच्या क्रेन दिसत होत्या तिकडे मान तिरकी करून बघत ते अचानक बोलले. म्हणाले, "बाय, मला एकच बघायचं होतं. मी बसवलेल्या माशीवरून सुटलेली गोळी कुठे लागते, ते एकदा डोळ्यांनी. चौतीस वर्षं नुसता आवाज ऐकला. आता मधलंच जाणार म्हणते ती." मी त्यांचा कोट नीट केला. खोटा धीर द्यायची माझी सवय त्या दिवशी माझ्या कामाला आली नाही.

पुढच्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये कॉफी पिताना मी हे रेजाँला सांगून टाकलं. सांगायला नको होतं कदाचित. पण माझ्या पोटात काही राहत नाही, आणि फ्रेंचमध्ये तर जे येईल ते बोलावं लागतं, निवडायला शब्द कुठे असतात? रेजाँने कप खाली ठेवला. त्याच्याकडे वडिलांची शिकारीची रायफल होती. त्या शरद ऋतूत जंगलात ती दगडावर आपटली आणि तिची माशी तुटून पडली. दुरुस्तीवाल्याकडे माशी ढकलायचं खास यंत्र असतं, पण तो म्हणाला, इतकं जुनं मॉडेल मी हातात धरणार नाही, दुर्बीण लावून टाका. रेजाँला वडिलांच्या बंदुकीवर दुर्बीण नको होती. तो मला म्हणाला, ह्यांना विचार, यंत्राशिवाय जमेल का?

काकांनी प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. म्हणाले, यंत्र कशाला लागतं?

कायदा असा की रायफल परवानेवाल्या माणसाच्या नजरेआड होता कामा नये. त्यामुळे डिसेंबरातल्या दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी रेजाँ कुलूपबंद पेटी घेऊन रीटाच्या किचनमध्ये यायचा, रायफल रिकामी असल्याचं आम्हा दोघांना दाखवायचा, जिच्याशिवाय गोळी सुटत नाही ती खीळ काढून स्वतःच्या खिशात घालायचा आणि काम संपेपर्यंत समोर बसून राहायचा. रीटाची पहिली प्रतिक्रिया मी इथे लिहीत नाही. दुसरी अशी होती: "डॅडी, माय किचन इज नॉट युवर फॅक्टरी." पण तिने वडिलांचा चेहरा पाहिला असावा, कारण तिने एक जुनी चादर आणून टेबलावर पसरली आणि "नो ऑईल ऑन द चेअर्स" एवढं बजावून ती कामावर गेली.

हत्यारं घरातलीच. पकडीसाठी टेबलाच्या कडेला सुताराचे दोन क्लॅम्प, त्यात जावयाचा जुना चामडी पट्टा घडी करून, म्हणजे नळीला ओरखडा नको. ठोकणी म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला पितळी बोल्ट, कारण पितळ पोलादापेक्षा मऊ, मार स्वतः खातं आणि माशीला वाचवतं. सरळपणा बघायला दाराच्या चौकटीला दोरा बांधून त्याला लटकवलेला नट. रेजाँने टपालाने नवी माशी मागवली होती, ती पायाला जरा जाड होती. काका ती कानशीने घासत. दोन हात मारायचे, बोट फिरवायचं, पुन्हा दोन हात. "हातोडीला घाई असते, कानशीला नसते," असं म्हणत. डोळ्यांनी मधलं नीट दिसत नव्हतं, तेव्हा बारीक रेघ रेजाँ बघायचा आणि जाडी काकांचं बोट सांगायचं. मी बाजूला बसून भाषांतर करायला सज्ज असायचे आणि तासन्तास माझी कुणाला गरज पडायची नाही.

एक दिवस काकांनी माशी वाटीत घालून वाटी मागच्या दारी बर्फात ठेवली. थंडीने धातू आकसतो, मग तो खाचेत सहज शिरतो, आणि घरातल्या ऊबेला आला की फुगून घट्ट बसतो. कारखान्यात हे त्यांना फक्त पुस्तकातून माहीत होतं, तिकडच्या उकाड्यात असली चैन कुठली! हा देश काहीतरी कामाचा आहे असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं ते तेवढं एकदाच.

वाटी आत आली. काकांनी माशी चिमट्याने उचलली, नळीच्या उजव्या बाजूने खाचेच्या तोंडाशी धरली आणि बोल्ट लावून ठोकली. उजवीकडून आत, डावीकडे. चौतीस वर्षं तीच दिशा, कारण कारखान्यात खाचेचं उजवं तोंड केसभर मोठं कापतात. माशी निम्मी गेली आणि अडली. त्यांनी जरा जोरात मारलं. ती तिरकी झाली. मग ती काढायला डावीकडून मारलं, आणि पाया बाहेर आला खरा, पण वरचं उभं पातं तुटून चादरीवर पडलं. फार लहानसा आवाज झाला.

काकांनी बोट खाचेवर फिरवलं. उजवीकडून डावीकडे, मग उलट. मग बोल्ट खाली ठेवला, आत गेले आणि बेसमेंटचा जिना उतरून दार लावून घेतलं. रेजाँने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. आम्हाला काय झालं तेच कळलं नव्हतं. शेवटी त्याने रायफल पेटीत घातली, तुटलेलं पातं कागदाच्या पुडीत बांधलं आणि तो गेला.

चार दिवस काका वर आले नाहीत. रविवारी मिस्सेला गेले नाहीत. रीटाचा मला फोन आला, आवाज रडवेला. म्हणाली, "ताई, ही इज ईटिंग, ही इज ओके, पण गराजचं दार कालपासून करकर करतंय अँड ही डझंट केअर." डॉक्टरने डोळे जाणार सांगितलं तेव्हा ती इतकी घाबरली नव्हती. मी खाली गेले. काका पलंगावर बसले होते. मी म्हटलं, चला, माशी दुसरी मागवता येते. ते म्हणाले, माशीचं नाही. खाचेचं डावं तोंड मोठं होतं. बोट एकदा फिरवलं असतं तर समजलं असतं. दुसऱ्यांना आयुष्यभर शिकवलं, हात मारायच्या आधी बोट फिरवावं, आणि आपण फिरवलं नाही. का नाही फिरवलं? कारण कुठलं तोंड मोठं ते मला माहीतच होतं, म्हणाले.

मी म्हटलं, डोळ्यांमुळे झालं असेल. त्यावर ते चिडले. माझ्यावर असे कधी चिडले नव्हते. डोळ्यांवर ढकलायचं नाही, म्हणाले. मग उठले, कोट घातला आणि मला म्हणाले, त्याच्याकडे चल.

रेजाँ दाराशी आला तेव्हा काकांनी बिजागरीकडे बघितलंसुद्धा नाही. उंबऱ्यातच उभं राहून मला म्हणाले, "याला सांग. चौतीस वर्षांत माझ्याकडे सात परत आल्या. ही आठवी. चूक माझी, बंदुकीची नाही."

मी सांगितलं. जसं जमलं तसं. रेजाँ ऐकून घेता घेता मध्येच थांबला. कुठल्या बाजूचं तोंड मोठं आहे, असं त्याने पुन्हा विचारलं. डावीकडचं, म्हटलं. तो कपाळावर हात मारून आत गेला आणि एक फोटो घेऊन आला: लाकडी खोपटासमोर त्याचे वडील, डाव्या हातात कुऱ्हाड. वडील डावखुरे होते. दुकानातून नवी माशी घेऊन ती खाच त्यांनी स्वतः जंगलातल्या खोपटात मेणबत्तीच्या उजेडात बसून कानशीने कापली होती, एका हिवाळ्यात. सगळं उलट्या बाजूनेच करायचे. हे आपण आधी सांगायला हवं होतं, पण लहानपणापासून पाहिलेलं, ते सांगण्यासारखं आहे हेच आपल्या ध्यानात आलं नाही, असं म्हणून रेजाँ माझ्यासमोर काकांची माफी मागू लागला.

काकांनी फोटो तिरका धरून पाहिला. विचारलं, ह्यांना शाळेत मारत असतील ना? रेजाँ म्हणाला, हात बाकाला बांधून ठेवत. काका म्हणाले, "नुसत्या कानशीने, मेणबत्तीच्या उजेडात, इतकी स्वच्छ खाच काढली माणसाने. आणि मी त्याच्या हाताला हात न लावता हातोडी घातली." मी फ्रेंचमध्ये काय सांगितलं देव जाणे. रेजाँचे डोळे भरून आले ते पाहता, बरं सांगितलं असावं.

नवी माशी मागवायची नाही, असं दोघांनी मला न विचारताच ठरवलं. पाया शाबूत होता, पातं तेवढं करायचं होतं. त्यासाठी पातळ, सपाट पितळ हवं होतं. ते कुठून आलं हे रीटाला जानेवारीत कळलं, जेव्हा तिच्या वॉशरूममधल्या कपाटाचं दार उघडल्याबरोबर हातात आलं. बिजागरीच्या पितळी पाकळीतून काकांनी करवतीच्या पात्याने नखाएवढा तुकडा कापला, पायाला चीर पाडून तीत बसवला आणि आरपार भोक पाडून शिवणाची सुई तोडून तिची पिन मारली. ज्याने आयुष्यभर लोकांच्या बिजागऱ्या सांभाळल्या त्याने पोटच्या पोरीची बिजागरी कापली, म्हणून मी त्यांना पुष्कळ चिडवलं. रीटा मात्र या वेळी चिडली नाही. तिने दार उचलून भिंतीला टेकवलं आणि ते तिथे उन्हाळ्यापर्यंत होतं.

या वेळी काकांनी खाचेवर बोट किती वेळा फिरवलं ते मी मोजायचं सोडून दिलं. वाटी पुन्हा बर्फात गेली. माशी डावीकडून आत गेली, तीन हलक्या ठोक्यांत मध्यावर आली आणि थांबली. पितळ उन्हात चकाकून डोळ्यांवर येतं, म्हणून रेजाँने मेणबत्ती पेटवून त्यावर काजळी धरली. त्या दिवशी दोघांनी माझ्याकडून चहा मागून घेतला. कप परत आले नाहीत.

निशाणबाजीची रेंज उघडायला एप्रिल उजाडला. तोवर मला विनिपेगची नोकरी लागली होती आणि माझं सामान खोक्यांत गेलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी आम्ही तिघं गेलो. त्यानंतर काकांची माझी भेट झाली ती फोनवरच. पुढच्या वर्षी ते हट्टाने वसईला परतले, दृष्टी बरीचशी गेली होती, आणि तिथेच वारले.

तर तो एप्रिलचा दिवस. बर्फ वितळत होतं, सगळीकडे चिखल. दहा-बारा माणसं ओळीने आपापल्या टेबलाशी. नारिंगी जाकीट घातलेला एक दणकट गृहस्थ शिटी वाजवायचा. एक शिटी म्हणजे गोळी झाडायला मोकळीक, दोन म्हणजे बंदुका उघड्या करून टेबलावर ठेवायच्या आणि निशाणांकडे चालत जायचं. रेजाँने काकांना म्हटलं, पहिली तुम्ही झाडा. काकांनी हात मागे बांधले. आपण बसवणारे, झाडणारे नाही, म्हणाले. कानांवर त्या जाड टोप्या घालायला दिल्या तेव्हा मात्र त्यांना हसू आलं. मला म्हणाले, इतक्या लांब येऊनही शेवटी भिंतीपलीकडूनच ऐकायचं.

रेजाँने पहिल्या पाच झाडल्या. छोट्या दुर्बिणीतून पाहून तो म्हणाला, पाचही जवळजवळ आहेत, पण मध्यापासून चार बोटं उजवीकडे. काकांनी पुढे जाऊन ते पाहायला नकार दिला. परत आलेली मी बघत नसतो, म्हणाले. त्यांनी खिशातून पितळी बोल्ट काढला आणि माशी केसभर उजवीकडे सरकवली. मला वाटलं डावीकडे सरकवायला हवी, मी तसं बोलूनही गेले. त्यांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मी कानाला खडा लावला. चूक ज्या बाजूला, माशी त्या बाजूला, एवढं ते म्हणाले. रेजाँने नवा कागद लावला, परत आला, आणखी पाच झाडल्या. या वेळी त्याने दुर्बिणीला डोळा लावून पाहिलं आणि तो काकांच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

दोन शिट्या झाल्या. सगळे निशाणांकडे निघाले. मी काकांचा हात धरला होता, चिखलात पाय घसरत होते. आजूबाजूच्यांनी आपापले कागद बदलले, दोघा-तिघांनी पेनने काही लिहिलं, आणि सगळे परत टेबलांजवळच्या रेषेमागे गेले. रेजाँही गेला. काका कागदासमोर उभे. आधी त्यांनी सरळ पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की सरळ काही दिसत नाही. मग त्यांनी मान उजवीकडे वळवली, डाव्या कडेने पाहिलं. मग डावीकडे. मग आणखी जवळ गेले, नाक कागदाला टेकेल इतके, आणि डोकं सावकाश हलवू लागले.

नारिंगी जाकीटवाला मागून आला. रेषेमागे सगळे खोळंबले होते. त्याने मला फ्रेंचमध्ये विचारलं, ह्यांना बरं वाटत नाहीये का? हे काय करतायत?

मी म्हटलं, बघतायत. बंदुकीच्या माशा बसवत जन्म गेला ह्यांचा, पण गोळी कुठे लागते ते आज पहिल्यांदा बघतायत. थोडा वेळ लागेल.

माझ्या फ्रेंचमधलं ते पहिलं वाक्य असेल ज्यात मी एकदाही अडखळले नाही. त्या माणसाने काकांकडे पाहिलं, मागे वळून ओळीला हात केला की थांबा, आणि तोंडापाशी नेलेली शिटी खिशात घातली. कुणी कुरकुरलं नाही. सगळे उघड्या बंदुकांपासून दूर, हात खिशात घालून उभे राहिले.

"पाच आहेत ना?" काकांनी न वळता मला विचारलं.

कागदाच्या मध्यावर चारच भोकं होती. चौथ्याची एक कड जराशी फाटली होती, पाचवी तिथूनच गेली होती. मी ते सांगणार होते. पण त्याआधीच त्यांचा डोळा त्या कडेपाशी थांबला, आणि ते म्हणाले, "पाच आहेत. चांगलं झालंय."